दादासाहेब गायकवाड : गर्दी अनेक जण जमवतात, पण ती वर्षानुवर्षं टिकवणारा हा नेता नेमकं काय करत होता?

नाशिकहून पुण्याकडे निघालं की साधारण ३० किलोमीटरवर सिन्नर लागतं. गोंदेश्वराचं मंदिर, बिड्यांचा जुना धंदा आणि आता मुसळगाव, माळेगावची एमआयडीसी ही या गावाची ओळख.

पण याच सिन्नरमध्ये ऑगस्ट १९४१ मध्ये एक परिषद भरली होती. महार, मांग आणि इतर वतनदार मंडळी त्यासाठी जमली होती. वतनाच्या जमिनींवरचा सारा, ज्याला जुडी म्हणायचे, तो सरकारने वाढवला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः सिन्नरला आले आणि इथूनच करबंदीचा इशारा दिला गेला. पुढे बाबासाहेबांनी मुंबईच्या गव्हर्नरांची भेट घेतली आणि सरकारला वाढीव कर मागे घ्यावा लागला.

आता प्रश्न असा की, ज्यांच्याकडे पैसा नाही, सत्ता नाही आणि वतनाचा तुकडा सोडला तर जमीनही नाही, अशा लोकांच्या इशाऱ्याने ब्रिटिश सरकार का नमलं?

बाबासाहेबांचं नेतृत्व हे मोठं कारण होतंच. पण त्यासोबत आणखी एक गोष्ट होती. नाशिक जिल्ह्यातली ही माणसं एकदा ठरवलं की मागे हटत नाहीत, हे सरकारने आधीची अकरा वर्षं पाहिलं होतं. ही संघटना जिल्ह्यात बांधण्याचं काम ज्यांच्या खांद्यावर होतं, त्यांचं नाव भाऊराव कृष्णाजी गायकवाड. महाराष्ट्र त्यांना कर्मवीर दादासाहेब गायकवाड म्हणून ओळखतो.

टीम कशी बांधायची, लोकांना सोबत कसं ठेवायचं आणि आंदोलन कधी थांबवायचं, हे समजून घ्यायचं असेल तर दादासाहेबांचं आयुष्य वाचायला हवं. त्यांच्याकडून जे राहून गेलं, त्यातूनही तितकंच शिकता येतं.

आंबे गावचा पोरगा

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. घर महार समाजातलं. गावकीची कामं, वेठ, वेगळा पाणवठा, शाळेत वेगळी जागा, हे सगळं त्यांच्या पिढीने लहानपणापासून पाहिलेलं.

बाबासाहेबांसारख्या परदेशातल्या पदव्या त्यांच्याकडे नव्हत्या. पण खेड्यातला माणूस कशाला घाबरतो, कशावर चिडतो आणि कशासाठी उभा राहतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. राहणी साधी आणि बोलणं गावातल्या माणसाला कळेल असं.

नाशिकमध्ये त्यांनी दलित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचं काम पाहिलं. वसतिगृह चालवणं म्हणजे रोजचं धान्य, जमाखर्च, मुलांचे प्रवेश, पालकांच्या अडचणी आणि देणगीसाठी दारोदार फिरणं. सभेत टाळ्या मिळवणारं हे काम नाही. पण या कामातून खेड्यापाड्यांतल्या घरांशी ओळख होते, आणि आपल्या पोराचं भलं करणाऱ्या माणसावर लोक विश्वास ठेवतात.

या विश्वासाचा कस लवकरच लागणार होता.

आधी समिती, मग यादी, मग सत्याग्रह

नाशिकच्या पंचवटीतल्या काळाराम मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. त्याविरोधात सत्याग्रह करायचं ठरलं, तेव्हा त्यासाठी एक समिती नेमण्यात आली. भाऊराव गायकवाड तिचे सचिव झाले.

समितीने आधी मंदिराच्या विश्वस्तांना कळवलं की मंदिर खुलं करा, नाहीतर सत्याग्रह होईल. दुसऱ्या बाजूला गावागावांतून स्वयंसेवकांची नोंदणी सुरू झाली.

२ मार्च १९३० या दिवशी नाशिकमध्ये सुमारे १५ हजार लोकांची मिरवणूक निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक शांतपणे गोदावरीच्या घाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली.

दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. मंदिराच्या चार दरवाजांवर त्यांना वाटून बसवण्यात आलं. नाव नोंदवलेले सुमारे ८ हजार स्वयंसेवक आपल्या पाळीची वाट पाहत होते.

हा आकडा नीट पाहिला तर कामाची पद्धत कळते. १५ हजार लोक हाताशी असताना बसवले फक्त दीडशे. सगळे एकदम बसले असते तर दोन दिवसांत जेवणाची पंचाईत झाली असती, शेतमजुरी बुडाली असती आणि आठवडाभरात मैदान रिकामं झालं असतं. तुकड्या केल्यामुळे प्रत्येकाला आपली पाळी आणि आपला दरवाजा माहीत होता. बाकीचे घरी राहून कामधंदा करू शकत होते, आणि तरीही आपण सत्याग्रहात आहोत असं त्यांना वाटत होतं.

कुठल्याही टीमसाठी ही पहिली शिकवण. उत्साह असताना सगळी ताकद पहिल्याच दिवशी खर्च करायची नसते. काम लांब चालणार असेल तर माणसं पाळीपाळीने वापरावी लागतात.

रामनवमीचा रथ

त्याच वर्षीच्या ९ एप्रिलला रामनवमीच्या उत्सवातला रथ निघणार होता. रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा, अशी तडजोड झाली. प्रत्यक्षात सत्याग्रहींनी हात लावायच्या आतच रथ पळवून नेण्यात आला. मग झटापट आणि दगडफेक झाली. अनेक जण जखमी झाले.

समोरच्याने शब्द मोडला की आपल्या बाजूचा संयम सुटायला वेळ लागत नाही. संयम सुटला असता तर सत्याग्रह तिथेच संपला असता, कारण कारवाईसाठी सरकारला निमित्तच मिळालं असतं. पण सत्याग्रह पुढे चालू राहिला. मंदिर जवळपास वर्षभर बंद ठेवण्यात आलं, तरी तुकड्या फिरून फिरून येत राहिल्या. गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगवासही भोगला.

खरी किंमत गावात मोजावी लागत होती

काळाराम सत्याग्रहाचे फोटो आणि पुतळे नाशिकमध्ये दिसतात. पण त्याचा सगळ्यात मोठा भार मंदिराच्या दरवाज्यावर नव्हता. तो पडला खेड्यांवर.

सत्याग्रहाला माणसं पाठवणाऱ्या वस्त्यांवर गावोगाव बहिष्कार पडले. मुलांना शाळेतून काढलं, रस्ते बंद केले, बाजारात किराणा देणं थांबवलं. नाशिकला येऊन दरवाज्यावर बसणारा माणूस चार दिवसांनी गावी परतायचा, तेव्हा तिथे त्याच्या घराला मीठही मिळत नसायचं.

नेत्याची खरी परीक्षा इथे असते. निर्णय एका जागी होतो आणि त्याचे चटके दुसऱ्याच जागी बसतात. आजच्या ऑफिसातही हे दिसतं. वरच्या मीटिंगमध्ये ठरलेल्या तारखेची किंमत रात्री उशिरापर्यंत बसणारी माणसं मोजतात.

अशा काळात लोक संघटनेसोबत राहतात ते आपला त्रास वरच्यांना माहीत आहे, याची त्यांना खात्री असते म्हणून. गायकवाड ज्या गावांतून माणसं मागत होते, त्याच जिल्ह्यात ते राहत होते आणि त्यांच्यासारखेच तेही तुरुंगात जात होते. त्यामुळे त्यांनी माणसं मागितली की ती मिळत होती.

नेता लंडनमध्ये, काम नाशिकमध्ये

सत्याग्रह चालू असतानाच बाबासाहेबांना गोलमेज परिषदांसाठी लंडनला जावं लागलं. त्या काळात फोनवर पटकन विचारून घेण्याची सोय नव्हती. पत्र बोटीने जायचं आणि उत्तर यायला आठवडे लागायचे.

म्हणजे रोजचे निर्णय नाशिकमध्येच घ्यावे लागत होते. आज तुकडी पाठवायची की नाही, तडजोडीचा निरोप आला तर काय उत्तर द्यायचं, अटक झालेल्यांच्या घरी कोण जाणार, पैसे कुठून आणायचे, असे हे प्रश्न.

बाबासाहेब आणि गायकवाड यांच्यातला पत्रव्यवहार मोठा आहे आणि तो पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्धही झाला. या नात्यात कामाची वाटणी स्वच्छ होती. दिशा बाबासाहेब ठरवत. ती जिल्ह्यात अमलात आणायची जबाबदारी गायकवाडांची, आणि तिथलं खरं चित्र वर कळवायचीही.

चांगला दुसऱ्या क्रमांकाचा माणूस म्हणजे हो म्हणणारा माणूस नव्हे. वरचा माणूस महिनोन्महिने नसला तरी काम त्याच दिशेने चालू ठेवतो, तो चांगला. आणि असा माणूस मिळाला तर वरच्यानेही त्याला मोकळीक द्यावी लागते.

थांबायचं कधी, हेही ठरवावं लागतं

सत्याग्रह पाच वर्षांहून अधिक काळ चालला. मंदिर काही उघडलं नाही.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून आपलं मत कळवलं. मंदिरप्रवेश हे अंतिम ध्येय कधीच नव्हतं. समाजाला जागं करण्यासाठी आणि त्याला आपल्या स्थितीची जाणीव करून देण्यासाठी तो मार्ग निवडला होता. ते काम झालं होतं. आता ताकद शिक्षण आणि राजकारणाकडे वळवावी, असा त्या पत्राचा आशय होता.

पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली आणि काळाराम सत्याग्रह थांबवण्याचं ठरलं.

हा क्षण गायकवाडांच्या बाजूने पाहिला पाहिजे. पाच वर्षं ज्या दरवाज्यासाठी माणसं उभी केली, तुरुंग भोगला, गावांनी बहिष्कार सोसला, तो दरवाजा बंदच असताना माघारी फिरायचं होतं. अनेक संघटना अशाच वळणावर फुटतात. इतकं केलं ते कशासाठी, असं कार्यकर्ते विचारतात आणि नेत्याकडे उत्तर नसतं.

इथे उत्तर होतं. दरवाजा उघडला नाही, पण त्याच्यासमोर उभी राहिलेली माणसं बदलली होती. तीच माणसं आणि तीच गावं पुढे निवडणुकीत कामाला आली. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला आणि १९३७ च्या निवडणुकीत गायकवाड नाशिकमधून मुंबई विधानसभेवर निवडून गेले.

आणि पुढे आलं १९४१, म्हणजे सिन्नर.

सिन्नरचा प्रश्न पोटाचा होता

महार वतन म्हणजे काय, हे आजच्या पिढीला पटकन कळत नाही. गावाची आणि सरकारची पडतील ती कामं करायची. सांगावे पोचवायचे, सारा पोचवायला जायचं, अधिकारी आले की राबायचं. दिवस-रात्र असं काही नाही. घरातला एक जण नसला तर दुसऱ्याने जायचं. बदल्यात जमिनीचा छोटा तुकडा आणि बलुतं. १८७४ च्या कायद्याने या पद्धतीला चौकट दिली होती. ती बदलावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयकही मांडलं होतं.

अशा तुटपुंज्या जमिनीवरचा सारा वाढला, म्हणजे राबणं तेच राहिलं आणि हातात उरणारं आणखी कमी झालं. कर भरायचा नाही असं ठरवलं तर तो तुकडाही हातातून जायची भीती. म्हणजे करबंदीचा इशारा देणारा प्रत्येक जण आपली एकमेव मालमत्ता पणाला लावत होता.

मंदिराचा प्रश्न प्रतिष्ठेचा होता, तर सिन्नरचा घरच्या चुलीचा. पण दोन्हीकडे उभी राहणारी माणसं तीच होती. काळारामसमोर ज्यांनी एकत्र पाळी केली होती, त्यांना सिन्नरला पहिल्यापासून काही शिकवावं लागलं नाही. संघटना एका प्रश्नासाठी बांधली जाते, पण नीट बांधली तर ती पुढच्या प्रश्नालाही कामी येते.

वतनं कायद्याने रद्द व्हायला मात्र १९५८ चं वर्ष उजाडलं.

दुसरी फळी घरातून आणि वर्गातून

दादासाहेबांच्या कामातली आणखी एक गोष्ट म्हणजे स्त्रियांचा सहभाग. काळारामच्या पहिल्या तुकडीत २५ स्त्रिया होत्या, हे वर आलंच. त्यांच्या पत्नी गीताबाईही चळवळीत उतरल्या होत्या.

नाशिकच्याच शांताबाई दाणी शिक्षण घेत असताना दादासाहेबांमुळे चळवळीत आल्या. पुढे त्या पक्षाच्या मोठ्या नेत्या झाल्या, मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी आयुष्य दिलं आणि विधान परिषदेतही गेल्या. त्या काळात एका तरुण दलित मुलीला सभेत बोलायला उभं करणं ही साधी गोष्ट नव्हती.

नवीन माणसाला मागच्या रांगेत बसवून शिकवता येत नाही. काम हातात द्यावं लागतं आणि चुकायची मुभाही.

बाबासाहेबांनंतर : जमिनीची लढाई

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले.

१९५७ मध्ये दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते आघाडीवर होते. पुढे १९६२ ते १९६८ ते राज्यसभेत होते.

पण त्यांचं सगळ्यात मोठं काम या पदांवरचं नाही. ते आहे भूमिहीनांच्या सत्याग्रहांचं. सरकारी पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही साधी मागणी. १९५९ मध्ये पहिला मोठा सत्याग्रह झाला. दुसरा ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, सुरू झाला आणि देशभर पसरला. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतल्याचं सांगितलं जातं. त्यात अनेक स्त्रिया होत्या.

मागणी फक्त बौद्धांच्या किंवा दलितांच्या जमिनीची नव्हती. ती सगळ्या भूमिहीनांची होती. त्यामुळे एरवी वेगळी चूल मांडणारे लोकही यात आले. माणसं जोडायची असतील तर सगळ्यांना लागू पडणारा प्रश्न हातात घ्यावा लागतो, हे दादासाहेबांनी करून दाखवलं.

जिथे घडी विस्कटली

आता दुसरी बाजू. ती टाळून दादासाहेबांचं आयुष्य पूर्ण होत नाही.

रिपब्लिकन पक्ष स्थापन होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच त्यात फूट पडली. एका बाजूला दादासाहेब, दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे आणि त्यांचे सहकारी. भांडणाचा एक मुद्दा मार्गाचा होता. रस्त्यावरचा जमिनीचा लढा आणि त्यासाठी डाव्यांसोबत जाणं योग्य, की कायदा आणि संसदेचा मार्ग? दुसरा मुद्दा कोणी उघड मांडत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होता. धोतर नेसणारी, खेड्यातली जुनी फळी आणि शिकलेली, वकिली करणारी नवी फळी यांच्यातला तो ताण होता.

दोन्ही बाजूंकडे म्हणणं होतं. शिकलेल्या तरुणांना पक्षात जागा हवी होती आणि बाबासाहेबांनी शिक्षणावर दिलेला भर त्यांच्या बाजूने होता. दादासाहेबांना दिसत होता उपाशी भूमिहीन, ज्याला संसदेतल्या भाषणाने भाकरी मिळत नव्हती.

मग हे मिटलं का नाही? बाबासाहेब असताना मतभेद झाले तर शेवटचा शब्द त्यांचा असायचा. ते गेल्यावर शेवटचा शब्द कोणाचा, आणि तो कसा ठरवायचा, याची पद्धत पक्षात रुजलीच नव्हती. आंदोलनात पाळ्या लावायची पद्धत होती, पण मतभेद मिटवायची नव्हती. आणि दादासाहेबांसारख्या कसलेल्या संघटकालाही ती बसवता आली नाही.

१९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेससोबत समझोता केला. सत्तेत थोडा वाटा मिळाला तर लोकांची कामं होतील, हा हिशेब. पण त्यातून पक्ष स्वतःची ओळख गमावतोय, अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य होतं. पक्षात पुढेही फुटी होत राहिल्या. २९ डिसेंबर १९७१ ला दादासाहेबांचं निधन झालं. पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जुन्या नेतृत्वावरचा तरुणांचा राग हे त्यामागचं एक मोठं कारण होतं.

मग आज यातून काय घ्यायचं?

आज सिन्नरमध्ये सत्याग्रहाची तुकडी नाही, पण टीम भरपूर आहेत. एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या शिफ्ट आहेत, बचतगट आहेत, शेतकऱ्यांच्या कंपन्या आणि गणेश मंडळं आहेत. या सगळ्यांना दादासाहेबांच्या आयुष्यातून थेट उपयोगी पडणाऱ्या गोष्टी सापडतील.

लोकांकडून मोठं काम मागण्याआधी त्यांच्या छोट्या कामाला या. वसतिगृह आधी होतं, सत्याग्रह नंतर.

काम लांबणार असेल तर पाळ्या लावा. थकलेली माणसं निष्ठावान असली तरी एक दिवस येणं थांबवतात.

निर्णयाचे चटके कोणाला बसणार हे आधी विचारा आणि त्या माणसांजवळ राहा.

ध्येय काय आणि त्याचा मार्ग काय, हे वेगळं ठेवा. मार्ग बंद झाला तर लोकांना स्पष्ट सांगून दुसरा धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भांडण होण्याआधी भांडण मिटवायची पद्धत ठरवा. सगळे ज्याचं ऐकतात असा एक मोठा माणूस असेपर्यंत तिची गरज वाटत नाही. तो गेला की पहिल्याच महिन्यात ती लागते.

१९६८ मध्ये दादासाहेबांना पद्मश्री मिळाली. २००२ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. नाशिकमध्ये त्यांच्या नावाचं सभागृह आहे. पण त्यांचं नाव सगळ्यात योग्य जागी दिसतं ते सरकारच्या एका योजनेत. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातल्या भूमिहीन कुटुंबांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे.

ज्या जमिनीसाठी १९६४ च्या डिसेंबरात लोकांनी तुरुंग भरले, तिचा सातबारा हातात पडण्याची वाट अजूनही अनेक भूमिहीन कुटुंबं पाहत आहेत.